दोंगसूचा फ्लेक्स

कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उदयसिंह सुपरवायझर होता, पण हौसेनं सरपंच. सत्कार आणि फ्लेक्स म्हटलं की गडी जेवण विसरायचा.

यंदा पंधरा ऑगस्टला त्यानं येजिन मॅडमचा सत्कार ठरवला. मॅडम कोरियन इंजिनिअर. त्यांचा देशही याच तारखेला जपानच्या तावडीतून सुटलेला. त्यांच्या पणजीचा भाऊ दोंगसू त्या लढ्यात जपान्यांच्या गोळीनं गेला, तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. कामगारांकडून शिकलेल्या मराठीत, मोबाईलवर चित्रं दाखवत मॅडमनी हे सगळं सांगितलं. उदयसिंह "व्हय, व्हय" करत राहिला. भाषणापुरतं त्याला मिळालं होतं. दोंगसूचा फोटो तेवढा त्यानं मागून घेतला.

उचगावच्या फ्लेक्सवाल्याला तो म्हणाला, "मागं लाल गोळा टाक आन् किरणं सोड की. वीर वाटला पायजे."

फ्लेक्सवाल्याला यात नवीन काहीच नव्हतं. आमदार असो की बारशाचं बाळ, आपल्याकडे डोक्यामागं किरणं लागतातच.

झेंडावंदन झालं. फेटा बांधलेल्या मॅडम मंचावर आल्या, मागच्या फ्लेक्सवरचा पडदा सरकला, टाळ्या पडल्या. मॅडम मागं वळल्या आणि नमस्काराला उचललेले त्यांचे हात अर्ध्यावरच थांबले.

"ह्यो जपानी फौजेचा झेंडा हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्याच्याच खाली त्याला मारला. तुमास्नी दाखवला होता की मी."

दाखवला होता. पांढऱ्यावर लाल गोळा, चहूकडं लाल पट्टे. उदयसिंहला आता लख्ख आठवलं. तेव्हा तो मनात फेट्याचा रंग ठरवत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी चारचौघांत चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

तो ब्लेड घेऊन स्टुलावर चढला आणि किरणं कापत सुटला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. कडेच्या पट्ट्या लोंबायला लागल्या. पण आतली किरणं थेट पोराच्या केसांतून निघालेली. ती काढायची तर कान कापावा लागणार होता. त्यानं ब्लेड मागं घेतलं.

मॅडम स्टुलाजवळ आल्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "घरात त्याचा एकच फोटो हाय, बोटाएवढा. माज्या आईनं त्याचं तोंड एवढं मोठं कधी बघितलं न्हाय."

त्यांनी मोबाईल वर धरला आणि झेंड्यासकट दोंगसूचा फोटो काढला. उदयसिंह ब्लेड धरून स्टुलावरच उभा राहिला. खाली उतरून त्यांच्याकडं बघायला त्याला तोंड नव्हतं.