सगळ्यांचा श्वास वीस

"आराम शे आते," कमलबाईंनी झोपलेल्या नवऱ्याकडे बघत, तोंडाला पदर लावून हळूच सांगितलं. "रातभर बडबड करी ऱ्हायंतात. आते निजी ग्यात."

मेहरुन्निसा सिस्टरने मान डोलावली आणि लोटनआप्पांच्या खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता हातात घेतला. दुपारचे साडेतीन वाजले होते. ताप लिहून झाला, आणि नाडी मोजायच्या आधीच पेन सवयीने श्वासाच्या रकान्याकडे गेलं. दोनाचा आकडा उमटलासुद्धा. पुढचं शून्य काढायला पेन टेकलं आणि तिथेच अडकलं.

परवापर्यंत ते कधी अडकलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ट्रस्टच्या या दवाखान्यात काढली, निम्म्या गावाची बाळंतपणं तिच्या हातून झाली, आणि आता निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना परवा तिला प्रशिक्षणाला बसवलं होतं. पेशंटची तब्येत ढासळायला लागली हे वेळेत कसं ओळखायचं, असा विषय. शिकवायला कोण, तर चेतना. जिला पहिलं इंजेक्शन मेहरुन्निसानेच हात धरून द्यायला शिकवलं होतं, ती चेतना आता आपल्याला श्वास मोजायला शिकवणार, म्हणून ती मागच्या खुर्चीवर जरा फुगूनच बसली होती.

चेतनाने सुरुवातच अशी केली की सगळ्यांची हसता हसता पुरेवाट झाली. तिने दवाखान्यातले चाळीस जुने तक्ते काढून आणले होते. कुणाला दमा, कुणाचा पाय मोडलेला, कुणाला डेंग्यू, आणि श्वास मात्र चाळिसांचाही वीस. आपल्या दवाखान्यात सगळे एका सुरात श्वास घेतात, असं ती म्हणाली. मेहरुन्निसाही हसली. श्वास कोण मोजतं? मिनिटभर पोटाकडे बघत उभं राहायला वेळ कुणाला असतो?

मग चेतनाने पडद्यावर एकच तक्ता लावला. नाव झाकलेलं. ओळीने पाच वेळा वीस, आणि शेरा, 'रुग्ण आराम करत आहे'. सहावा रकाना कोरा. हा माणूस आराम करत नव्हता, थकून गप पडला होता, असं चेतनाने शांतपणे सांगितलं. धडपडणारा पेशंट अचानक गप झाला तर खूश होऊ नका, जवळ जा.

मेहरुन्निसाचं हसू तोंडातच राहिलं. पोट फुगलेला, शेपटी वर वळवलेला तो दोनाचा आकडा तिच्या हातचा होता. माणूस आमशा होता. होळीच्या आठवड्यात अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातून न्यूमोनिया घेऊन आलेला. त्याची बायको खाटेखाली फरशीवर बसलेली असायची. तिला मराठी येत नव्हतं. ती नुसती नवऱ्याकडे बोट दाखवायची आणि मेहरुन्निसाच्या तोंडाकडे बघायची. मेहरुन्निसा तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाली होती, "आराम शे." आमशा त्याच दिवशी पाच वाजता गेला. वाईट तेव्हाही वाटलं होतं, पण असं कधी वाटलं नव्हतं. परवापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं, आणि हे बोलणार तरी कुणाजवळ?

म्हणून आत्ता तिने पेन खिशाला लावलं. घड्याळ मनगटावर सरळ केलं आणि लोटनआप्पांच्या पोटावर हलकेच हात ठेवला. कोरीटचा हा बासष्ट वर्षांचा शेतकरी लघवीच्या त्रासाने आणि तापाने काल दाखल झाला होता. पोट भराभर वरखाली होत होतं. बघून कळलं नसतं, हाताला कळत होतं. मिनिट संपलं तेव्हा आकडा बत्तीस होता. चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा एक मिनिट मोजलं. बत्तीसच.

"कमलबाई, यास्ले उठाडा बरं."

"निजू द्या ना माय. दोन रातफाईन डोयाले डोया लागना नही."

तरी कमलबाईंनी हाक मारली, खांदा हलवला. आप्पांनी डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. हात गार होते. मेहरुन्निसाने नाडी, बीपी घेतलं, ऑक्सिजनचा मास्क लावला आणि डॉक्टर नवनीतना फोन केला.

ओपीडीत पन्नास माणसं बसली होती. झोपलेत ना, मग झोपू द्या, ओपीडी संपली की येतो, असं डॉक्टर म्हणाले. अशा वेळी 'बरं सर' म्हणून फोन ठेवायची तिला अठ्ठावीस वर्षांची सवय होती. शब्द ओठापर्यंत आलेही होते. खोटं निघालं तर उद्या सगळा दवाखाना हसेल, एक दिवस शिकून आली आणि डॉक्टरला पळवायला लागली म्हणेल.

"नाही सर," ती म्हणाली. "श्वास बत्तीस, नाडी एकशे चोवीस, बीपी नव्वद-साठ. रात्रभर बडबडत होते, आता हाक मारली तरी नीट जागे होत नाहीत. तुम्ही आत्ता या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

डॉक्टर आले, आप्पांना तपासलं आणि लगेच कामाला लागले. सलाईन जोरात सुरू झालं, रक्त तपासणीला गेलं, अँटिबायोटिक बदललं, ॲम्ब्युलन्सला दारात उभं राहायला सांगितलं. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. ओपीडी संपेपर्यंत थांबलो असतो तर अवघड होतं, असं डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले. माफी मागायची त्यांची ती पद्धत होती.

कमलबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. "मीच सांगं ना, आराम शे म्हनीसन."

"तुमनं काय चुकनं?" मेहरुन्निसा म्हणाली. "आम्ही बी तेच लिखतस."

साडेसहाला आप्पांनी डोळे नीट उघडले. मास्क बाजूला सारून पहिल्यांदा चहा मागितला आणि मग, घरी म्हशीला पाणी कोण दाखवणार, यावरून बायकोवर तोंड टाकलं. कमलबाई रडता रडता हसत होत्या. डॉक्टरांनी ॲम्ब्युलन्स परत पाठवली. मेहरुन्निसा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. परवापासूनचं छातीतलं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि ते तिने मुकाट्याने वाटू दिलं. मग तिने चेतनाला फोन लावला.

"परवाचा तो कागद. ते अक्षर माझं होतं, बेटा."

"वाटलंच होतं, सिस्टर," चेतना म्हणाली. "पण तुम्ही सांगाल असं वाटलं नव्हतं."

पुढच्या वेळी तो तक्ता लावशील तेव्हा मला बोलव, मी स्वतः उभी राहून सांगते, असं म्हणून मेहरुन्निसाने फोन ठेवला आणि आत गेली.

"सिस्टरबाई, आते आराम शे ना?" कमलबाईंनी विचारलं.

शब्द जिभेवर आला होता. मेहरुन्निसाने तो गिळला. "थांबा, मोजी लेऊ द्या. नाहीतर असं करा, तुम्हीच मोजा. मी घड्याळ देखस."

कमलबाई संकोचल्या. मग नवऱ्याच्या पोटावर हात ठेवून ओठातल्या ओठात मोजू लागल्या. त्यांना धान्याच्या पायल्या मोजायची सवय. विसापर्यंत गेल्या, थांबल्या, एक बोट दुमडलं आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. मिनिट संपलं.

"एक ईस आन् एक."

मेहरुन्निसाने दुपारचा तो दोनाचा आकडा एक रेघ मारून खोडला होता आणि त्याच्या पुढे बत्तीस लिहिलं होतं. आता खालच्या रकान्यात तिने एकवीस लिहिलं. हा आकडा तिने त्या रकान्यात आजवर कधी लिहिला नव्हता.

"हा," ती म्हणाली. "आते आराम शे."

तक्ता अडकवताना तिची नजर खाटेखालच्या फरशीवर गेली. आमशाची बायको तिथे बसायची. तिलाही विसाविसाने मोजता येत असणार. तिला कुणी विचारलंच नव्हतं.