बेचाळीस दाते आणि रविवारचे तेल

मित्रांनो, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला मी एक जुना स्प्रॉकेट आहे. माझे दाते वाकडे झालेत म्हणून हसू नका. ते कसे वाकले हे सांगताना मलाच अवघडल्यासारखे होते, कारण त्यात माझी चांगलीच फजिती झाली होती.

स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चकती. सायकलच्या पायडलजवळ माझा एखादा भाऊबंद तुम्ही पाहिला असेल. मी मात्र चार चाकांच्या क्वाड बाइकचा. इंजिनजवळ तेरा दात्यांचा माझा धाकटा सोबती, मागच्या आसावर बेचाळीस दात्यांचा मी, आणि आम्हा दोघांना जोडणारी चेन. मागची चकती जितकी मोठी तितकी गाडी हळू, पण ओझे ओढायला तितकीच दमदार. बाळानगरच्या एका लहानशा कारखान्यात मला कापले, तेव्हाच माझ्या नशिबात वेग नाही हे ठरून गेले. मला त्याचे वाईट वाटले नाही. बरे, थोडे वाटले.

आमचे मालक देवराव. मूळचे नांदेडकडचे, सिकंदराबादला रेल्वेच्या शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले आणि राहायला काचीगुड्याला. शहराबाहेर एका खडकाळ टेकडीवर त्यांच्या बौद्ध विहाराची जागा आहे. तिथली झाडे जगवायला त्यांनी ही जुनी गाडी घेतली. दर रविवारी मागे पाण्याचा ड्रम जोडायचा आणि चढ चढायचा. निघण्याआधी त्यांच्या पत्नी पार्वतीबाई चेनपाशी उकिडव्या बसून थेंब थेंब तेल सोडायच्या, चिंधीने पुसायच्या. "आपण न्याहारी करून निघालो, मग हिला नको का?" असे म्हणायच्या. इतके कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

एका हिवाळ्यात पार्वतीबाई गेल्या. त्या विहारातल्या कुटुंबांच्या पद्धतीप्रमाणे त्यांची रक्षा टेकडीच्या माथ्यावर मातीत मिसळली आणि तिथे पिंपळाचे रोप लावले. देवरावांनी त्या उन्हाळ्यात एकही रविवार चुकवला नाही. रोपाला पाणी मिळाले. चेन मात्र कोरडी पडून करकरू लागली. मालकांना ते ऐकू येत नसावे.

पावसाळ्यात पाणी न्यायचे काम नव्हते. तेव्हा त्यांच्या मुलाला, तेजसला, गाडी पळवायची हुक्की आली. त्याने मला उतरवले, बत्तीस दात्यांचा नवा बसवला, चेन आखूड केली आणि सपाटीवर धूळ उडवली.

"अरे, ही चढावर ओढेल का?" देवरावांनी विचारले.

"लाइट घ्या बाबा, टेन्शन नको! कसली भारी पळतेय बघा."

तेजस मला भंगारात टाकणार होता. पण देवरावांच्या अंगात रेल्वेची शेड मुरलेली. उतरवलेला भाग जपून ठेवायचा, त्याला चिठ्ठी बांधायची. त्यांनी माझ्या गळ्यात 'दाते ४२' अशी चिठ्ठी बांधली आणि मला या खिळ्याला टांगले. सात-आठ महिने मी धूळ खात होतो.

मग एप्रिल आला. बत्तीस दात्यांची गाडी भरला ड्रम घेऊन चढाच्या तोंडाशीच बंद पडू लागली. अडुसष्ट वर्षांचे देवराव पाण्याचे कॅन हातात घेऊन वर जाऊ लागले. एक कॅन, मग बसणे, मग दुसरा. पिंपळाची पाने गळायला लागली. बुद्धपौर्णिमेला दोन आठवडे उरले होते.

एका रविवारी त्यांची मुलगी रेणुका त्यांचे सोललेले तळवे पाहून रडवेली झाली. "बाबा, पुरे आता. जुनाच बसवू या ना."

माझी छाती फुगली, मित्रांनो! लांब चेन हवी म्हणून दोघे मला पिशवीत घालून काचीगुड्याला अंबाजींच्या सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेले. अंबाजींनी माझ्या दात्यांवरून अंगठा फिरवला. "देवरावभाऊ, नक्को. चेन नवी अन् दाते असे? निसटेल ती."

"आमच्या शेडमध्ये जुन्याच मालावर गाड्या धावल्या," देवराव म्हणाले. "काही होत नाही."

त्यांनी नवी चेन घेतली आणि मला बसवले. निम्मा चढ मी दिमाखात चढलो. मग ड्रमचा सगळा भार आला आणि चेन माझ्या दात्यांवरून खटाखट उड्या मारू लागली. मी धरायला पाहत होतो, पण धरवेना. गाडी मागे घसरली. रेणुकेने ब्रेक आवळला, देवरावांनी चाकामागे धोंडा सारला. ड्रम कलंडला आणि पाणी खडकावरून वाहून गेले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

देवराव खाली बसले आणि माझा एकेक दाता चाचपू लागले. सगळे एकाच बाजूला आकड्यासारखे वळलेले.

"हा जुना झाला म्हणून नाही झिजला, माय," ते रेणुकेला म्हणाले. "तुझी आई गेली, अन् त्यानंतर मी चेनला तेलाचा थेंब दाखवला नाही. बाटली हातात घेतली की तीच दिसायची."

रेणुकेने रिकामा कॅन उचलला. त्या दिवशी बापलेकीने मिळून पाणी हातानेच वर नेले.

पुढच्या रविवारी तिघेही नवे आले: पुढचा तेरा दात्यांचा, मागचा बेचाळीस दात्यांचा आणि चेनही, कारण आधीची त्या झटापटीत खराब झाली होती. देवरावांचे तळवे अजून सोललेलेच होते, म्हणून पाना रेणुकेच्या हातात होता.

"आधी पुढच्या चकतीचा नट सैल कर. चेन आधी काढलीस तर चकती नटासोबतच फिरत राहील. ब्रेक मी दाबून धरतो."

नट सुटला, मग चेन, मग माझे बोल्ट. नव्याची भोके जुळतात का हे पाहायला मला त्याच्यावर ठेवले. अगदी जुळली. त्याचे सरळ, चकचकीत दाते पाहून मला हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? पण त्या दिवशी भरला ड्रम एका दमात माथ्यावर पोहोचला. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी रेणुका खाली धावत आली. पिंपळाला तांबूस पालवी फुटली होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी करकरत असेल. वस्तू असेल, कदाचित माणूसही असेल. दुःख कितीही मोठे असले तरी त्यांच्याकडे लक्ष द्या. आम्ही झिजतो तेव्हा ओरडत नाही, फक्त करकरतो.

मी आता पुन्हा खिळ्याला आहे. माझ्या चिठ्ठीवर 'दाते ४२' च्या खाली मराठी शाळेत न गेलेल्या रेणुकेने आपल्या वाकड्यातिकड्या मराठीत लिहिले आहे, 'दर रविवारी तेल'. शेजारच्या खिळ्याला तेलाची बाटली असते. देवराव ती काढतात, चेनपाशी उकिडवे बसतात आणि थेंब थेंब तेल सोडतात. मग चिंधीने हात पुसत टेकडीच्या माथ्याकडे पाहून म्हणतात, "झाली गं हिची न्याहारी. येतो आता वर."