क्वेचुआच ना?

युसेबियाबाईंना कोरोना वॉर्डात नेलं, त्या दिवसापासून त्यांची लेक यानेत लिमातल्या त्या इस्पितळाच्या फाटकाला चिकटून होती. आत कुणालाच सोडत नव्हते. रोगच असा मेला, पोटचं पोरसुद्धा परकं करणारा.

एका सकाळी आतून नर्सचा फोन आला.

"कालपर्यंत तुमच्या आई चांगलं स्पॅनिश बोलत होत्या. आज जे बोलतायत त्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. डोंगराकडच्या ना त्या?"

"हो, आपुरिमाकच्या."

"मग क्वेचुआच असणार, तिकडची डोंगरी भाषा. ऐका बरं."

आई भरभर, काकुळतीला येऊन काहीबाही सांगत होती.

"क्वेचुआच ना?" नर्सने घाईने विचारलं. अख्खा वॉर्ड तिच्या एकटीच्या गळ्यात पडलेला.

"हो हो, क्वेचुआच," यानेत म्हणाली. "तापात माणसाला गाव आठवतं." उलट तिला हायसंच वाटलं, आई बोलतेय तरी.

आता हिला क्वेचुआ येत होती का? कप्पाळ! युसेबियाबाई चौकात काढ्याची गाडी लावायच्या, तेव्हा येणारेजाणारे "ए डोंगरी, ए लामा" म्हणून, डोंगरातल्या ओझ्याच्या जनावरावरून, हिणवायचे. पोरीच्या वाट्याला हे नको, असं बाईंनी मनाशी ठरवलं. तोमासा मावशी बसमध्ये चुकून क्वेचुआत बोलली, की बाई तिच्या तोंडावर तळहातच दाबायच्या. "गप गं! माझ्या पोरीच्या कानावर नको ते." पोरीचं स्पॅनिश मग असं लखलखीत झालं की कुणाला संशय येऊ नये. आणि क्वेचुआ म्हणजे तिच्या लेखी मोठ्या बायकांची कुजबुज, बस्स.

दुसऱ्या दिवशी नर्सने आईचा आवाज टिपून पाठवला. आई काय मागतेय ते तरी कळावं, म्हणून यानेतने तो मावशीला धाडला. मावशीचा लगेच फोन आला.

"हे कोण बोलतंय?"

"अगं, आईच की. ओळखलं नाहीस?"

"आवाज तिचा आहे गं. पण ही आपली भाषा नाही. यात एक शब्द नाही पोरी, एकसुद्धा नाही! तिला काहीतरी झालंय. धाव!"

यानेतने फाटकावर आरडाओरडा करून आभाळ डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे प्लास्टिकच्या झग्यातला डॉक्टर बाहेर आला. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली होती. या रोगात होतं म्हणे असं. भाषाच पुसली गेली, तोंडून नुसते अर्थ नसलेले आवाज उरले; उजवा हातही लुळा पडला.

"पहिल्या काही तासांत कळलं असतं, तर औषध देता आलं असतं."

"मग बघितलं का नाही तुम्ही?"

"विचारलं होतं की," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाला. "घरच्यांनीच सांगितलं, क्वेचुआ आहे."

घरच्यांनी! अर्ध्या देशाच्या आज्या जी भाषा बोलत मेल्या, ती त्या एवढ्या वॉर्डात एकालाही येऊ नये? तळपायाची आग मस्तकात गेली यानेतच्या. पण खडे फोडायचे कुणाच्या नावाने? ते 'हो' तिच्याच तोंडचं होतं.

आई जगली. घरी आली. दारात खुर्ची टाकून बसायची आणि दिसेल त्याला तेच अगम्य काहीतरी सांगत राहायची. एकदा शेजारची ओफेलियाबाई थांबली, कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, म्हातारपणी आपली भाषा आठवली वाटतं! क्वेचुआच ना?"

"नाही!" यानेत किंचाळली. "क्वेचुआ नाही ती! ती कुठलीच भाषा नाही!"

ओफेलियाबाई चपापून निघून गेली. आई लेकीकडे बघत राहिली. मग तिने चांगला राहिलेला डावा हात उचलला, आणि तळहात आपल्याच तोंडावर घट्ट दाबून धरला.