एकटीचं तिकीट

महादेवीनं शब्द दिला होता, आणि तो मोडायला तिला अर्धा तासही लागला नाही. लेक मंजुश्री साडेदहाच्या लातूर गाडीत पुढच्या सीटवर बसली, तशी ही नणंदेची साडी नेसून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून गर्दीआडून चढली आणि शेवटच्या बाकावर अंग चोरून बसली.

शब्द तसा साधा होता. वीस वर्षांची मंजुश्री दर शुक्रवारी लातूरला उज्वला मॅडमकडे समुपदेशनाला जायची, आईला घेऊन. या शुक्रवारी अहमदपूरहून एकटीनं यायचं, असं तिनं आणि मॅडमनं ठरवलं होतं, आणि महादेवीनं मागं न येण्याचं कबूल केलं होतं. "पोरीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही, ताई. मोठा आवाज, अंगाला लागलेला हात तिला सोसत नाही. मग ती डुलते, हात झटकते, गुणगुणते. त्यानं तिला बरं वाटतं, तर करू द्या," हे मॅडमचं पालुपद. ऐकताना महादेवीला बरं वाटायचं, आणि घरी पोचेपर्यंत ते पटेनासं व्हायचं. मॅडमचं काय जातं? येडी तर हिच्या पोरीला म्हणतात. लहानपणी नांदेडच्या एका क्लासला घातली होती. तिथं 'हात खाली' म्हटलं की हात खाली ठेवायचे आणि चॉकलेट घ्यायचं. घरी चॉकलेटऐवजी महादेवीचा चिमटा होता. लग्नात चिमटा, पाहुण्यांत चिमटा, घरच्या किराण्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की चिमटा. पंधरा वर्षं चिमटे काढले महादेवीनं, आणि मायेनं काढले, हेच वाईट.

शिरूर ताजबंदपर्यंत सगळं सुरळीत झालं. मंजुश्रीनं कंडक्टरकडं बायकांचं अर्धं तिकीट स्वतः मागितलं, तेव्हा तर महादेवीला उठून सगळ्या गाडीला सांगावंसं वाटलं. पण चाकूरच्या अलीकडे एका गावची जत्रा रस्त्यावर आली होती. गाडी थांबली आणि हलग्या थेट खिडकीखाली कडकडू लागल्या.

मंजुश्रीनं कान दाबले. मग ती पुढंमागं डुलू लागली. गुणगुणणं वाढलं, हात झटकायला लागले, मोकळे केस तोंडावर आले.

"अगं माय! पोरीच्या अंगात आलंय!" शेजारची केवळाबाई नावाची म्हातारी ओरडली.

झालं. अर्धी गाडी उठली. कुणी हात जोडले, कुणी कुंकवाचा करंडा काढला. मंजुश्रीनं कशीबशी पर्स उघडून मॅडमनं दिलेलं कार्ड पुढं धरलं. त्यावर ठळक लिहिलं होतं: 'मला मोठ्या आवाजाचा त्रास होतो. हात लावू नका. थोड्या वेळानं मी ठीक होईन.' केवळाबाईला कुठलं वाचता येतंय! तिनं ते कार्ड प्रसादासारखं कपाळाला लावलं आणि कमरेच्या पिशवीत घातलं.

"आई, माझ्या लेकाचं लगीन कवा व्हईल ते सांग," म्हणत ती पायाला हात लावायला वाकली. मंजुश्री खिडकीला चिकटली आणि किंचाळली.

महादेवी कधी उठली, तिचं तिला कळलं नाही. धक्के देत ती पुढं पोचली. तिची बोटं सवयीनं चिमट्यासाठी जुळलीही होती. आणि खरं सांगायचं, तर दुसरा एक मोह तिला त्याहून मोठा झाला. 'हाव, देवी हाय, लांब सरका,' एवढं म्हटलं की काम झालं असतं. कुणी हात लावला नसता, कुणी हसलं नसतं. जन्मात पहिल्यांदा तिच्या पोरीपुढं लोक हात जोडून उभे होते.

"देवी न्हाई ती," महादेवी म्हणाली. आवाज फाटला होता. "माझी लेक हाय. तिला आवाजाचा लई तरास व्हतो. हात नका लावू. डुलू द्या तिला."

"म्हंजी येडी हाय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"येडी न्हाई. अशीच हाय."

लोक हिरमुसून बसले. म्हाताऱ्या बाईनं कार्ड परत दिलं, जरा नाराजीनंच. हलग्या पुढं गेल्या, गाडी हलली. महादेवी पोरीला हात न लावता शेजारच्या दांडीला धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं मंजुश्रीचं डुलणं थांबलं.

"आई, तू येणार नव्हतीस."

"हाव, पर..."

"मला स्टँडवरच कळलं. तू खोकलीस. तू उतरशील म्हणून मी वाट बघत होते." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "आता चाकूर येईल. तिथं उतर."

"आन् पुन्हा कुणी हलगी वाजवली तर?"

"तर मी डुलेन."

महादेवी चाकूरला उतरली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती तिकडं बघत राहिली. पंधरा मिनिटांत लातूरची दुसरी गाडी लागली, अगदी तिच्यापुढ्यात. दारात उभ्या कंडक्टरनं विचारलं, "लातूर? येताय का, मावशी?"

तिनं पायरीकडं पाहिलं, पदर तोंडाशी दाबला. "न्हाई," ती म्हणाली, आणि अहमदपूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसून राहिली.