कप्तानाने न फेकलेले टोक

जुना तर मी आहेच मित्रांनो, आणि आता अर्धाही आहे. मी जहाज बांधायचा दोर. पण माझी कीव करू नका. एका बड्या जहाज कंपनीला मी तोंडघशी पाडले आहे!

कारखान्यात पीळ देऊन मला मनगटाएवढा जाड केले. अकरा वर्षे मी एका मालवाहू जहाजाला धक्क्याशी धरून ठेवले. कप्तान पाहुण्यांपुढे माझी तारीफ करी. पुढे उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने माझे धागे झिजले. आमचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दोर बदलायला आला की झिजलेल्या जागी पिवळा पट्टा मारत असे. तसा त्याने मलाही मारला आणि कप्तानाला सांगितले.

"पुढच्या बंदरात बघू," कप्तान म्हणाला. अशी चार बंदरे गेली.

पाचव्या बंदरात जहाजाला हिसका बसला आणि मी नेमका त्या पट्ट्यावर तुटलो. माझा तडाखा एका खलाशाला बसला आणि त्याचा पाय गेला. त्याचे दुःख मला आजही आहे.

कंपनीने मात्र हात झटकले. "दोर नवा होता. खलाशीच नको तिथे उभा होता," असे सांगून तिने त्याचे उपचार थांबवले. कप्तानाने माझे जहाजावरचे टोक समुद्रात फेकले. शहाणाच तो! दुसरे टोक, म्हणजे मी, धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला तसाच अडकलेला होतो. खलाशाच्या बायकोने मला सोडवले, खांद्यावर टाकले आणि थेट वकीलबाईंचे घर गाठले.

"ताई, हा नवा दिसतो का हो तुम्हाला?"

"अजिबात नाही! वहिनी, याचा धागासुद्धा हलवू नका. दोर धड ठेवणं मालकाचं काम. कायदाच आहे तसा."

न्यायालयात कंपनीचा वकील हसला. "असले तुकडे कुठेही मिळतात!"

तांडेल उठला. "नोकरी गेली तर गेली. हा पट्टा माझ्या हातचा आहे."

न्यायाधीशांनी कप्तानाकडे पाहिले. "तुमचा दोर नवा होता ना? मग त्याचं तुमच्याकडचं टोक दाखवा."

ते तर त्यानेच समुद्रात फेकले होते! कंपनी खटला हरली. खलाशाचे उपचार त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाले.

आता मी न्यायालयाच्या कपाटात धूळ खात पडलो आहे. असू दे! मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. आणि ज्याला आपला दोर सांभाळता येत नाही, त्याने खलाशाला कुठे उभे राहावे हे शिकवू नये.