किडक्या दातावरची पिवळी टोपी

मी एका दाताची टोपी बोलतेय. लोक मला सोन्याची समजत. मी पितळेची आहे, वरून नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्रेसष्ट साली आटपाडीकडच्या एका गावात बिरोबाची जत्रा भरली होती. लिंबाखाली सतरंजी टाकून बसलेल्या दातवाल्याकडं बिराप्पा आला. मेंढरं राखणारा माणूस, पण पंचक्रोशीत नाव होतं ते त्याच्या ओव्यांमुळं. एडक्याच्या धडकेनं त्याचा पुढचा दात अर्धा मोडला होता आणि उरलेला किडून काळा पडला होता. गाताना तिथून वारा सुटायचा. ऐकणारे गालात हसायचे.

"ठणकतोय लय," बिराप्पा म्हणाला.

"टोपी घातली की थांबंल."

दातवाल्यानं कीड काढली नाही. कानस फिरवली, मसाला भरला आणि मला दाबून बसवलं.

त्याच दिवशी ढोल वाजला आणि बिराप्पा गायला उभा राहिला. "बिराप्पाच्या त्वांडात सोनं आलं," माणसं म्हणाली. मी ऐटीत चमकले. त्या दिवसाचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

कारण माझ्याखाली कीड वाढतच होती. वर्षभरात पू झाला. बिराप्पानं गाणं सोडलं. विचारलं की म्हणायचा, घसा बसलाय. त्याची बायको हरणाबाई मात्र बघत होती. हा भाकरी दुधात कुस्करून खातो, बोलताना पटक्याचा शेव तोंडापुढं धरतो.

एका सकाळी त्याचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला. तिनं मेंढरं दिराच्या हवाली केली आणि त्याला एस.टी.नं सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडं आणलं.

डॉक्टरांनी मला उचकटून काढलं आणि बशीत टाकलं. असा वास सुटला की हरणाबाईनं पदर नाकाला लावला. बिराप्पानं मान खाली घातली.

"दुखतंय एवढं मला तरी सांगायचं हुतं," ती म्हणाली.

"समद्या गावानं सोनं म्हणून बघितलं. कसं सांगू?"

"टोपी वाईट नसते," डॉक्टर म्हणाले. "मोडका, पोखरलेला दात जपायलाच ती घालतात. पण आधी कीड काढायची, आतली नस साफ करायची. इथं किडीवरच झाकण घातलंय. नशीब, मूळ अजून घट्ट आहे."

चार खेपा झाल्या. शेवटी डॉक्टरांनी दातासारखीच पांढरी टोपी बसवली. पुन्हा पुन्हा चावायला लावून, घासून नेमकी केली. माझ्या वेळी एवढी मेहनत कुणी घेतली नव्हती.

हरणाबाईनं मला बशीतून उचललं. फेकणार असं वाटलं.

"हिच्यावर कशाला राग काढायचा," ती म्हणाली. "ही काय आपल्या पायानं आली न्हवती."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग ती नवऱ्याकडं वळली. "आवं, एक ओवी म्हणा की."

बिराप्पानं सवयीनं शेव वर नेला, आणि सोडून दिला. हळू आवाजात गायला. शब्द अगदी स्वच्छ आले. डॉक्टर हात पुसायचे थांबले.

जाताना हरणाबाईनं मला तिथंच ठेवलं. आता मी डॉक्टरांच्या मेजावर काचेच्या वाटीत असते. ते मला रोग्यांना दाखवतात. माझं पाणी उडालंय, पितळ दिसतंय. दिसू दे. तुम्ही टोपी घालाल तेव्हा खाली काय राहिलंय ते आधी विचारा. बिराप्पा सोसत होता तेव्हा मला सगळं कळत होतं, आणि लोक बघत होते म्हणून मी चमकत राहिले.