डावीकडची जागा

"आक्साकाल, स्टीअरिंग कुठल्या अंगाला हवं तेवढं सांगा. बाकी माझ्यावर सोडा," मेदेर म्हणाला.

म्हाताऱ्या तोकोनला तो आक्साकाल, म्हणजे वडीलधारा, म्हणायचा आणि त्याच्या बायकोला एजे, म्हणजे ताई. बिश्केकच्या ओश बाजारामागच्या त्या आवारात दोन गाड्या धुऊन उभ्या होत्या. एक नेहमीची चंदेरी, जपानहून आलेली, उजव्या स्टीअरिंगची. दुसरी पांढरी, डाव्या स्टीअरिंगची. भाडं सारखंच. शनिवार-रविवारपुरती बाहेरगावी न्यायची गाडी निवडताना माणूस डिकी बघतो, टायर दाबतो, पेट्रोल किती पिते ते विचारतो. तोकोनने यातलं काहीच केलं नव्हतं. तो फाटकाजवळच्या बाकावर बसलेल्या बायकोकडे बघत होता. बुरूलचं तोंड गाड्यांकडे नव्हतं, भलतीकडेच होतं, आणि ती मजेत हसत होती.

"माझं ऐकाल तर पांढरी न्या," मेदेर म्हणाला. गाड्या भाड्याने देता देता या माणसाचे केस पिकायला लागले होते. "तळ्याकडच्या रस्त्याला हल्ली ट्रक फार. डावं स्टीअरिंग असलं की पुढचं आपलं आपल्याला दिसतं. दुसऱ्या कुणाला विचारायला नको."

नेमकं तेच दुखणं होतं. इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, आणि निम्म्या गाड्यांना जपानी उजवं स्टीअरिंग. म्हणजे चालवणारा बसतो गटाराच्या बाजूला, आणि समोरून काय येतंय ते आधी दिसतं डावीकडे बसलेल्याला. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर डावीकडच्याने मान काढून बघायचं आणि सांगायचं. घरोघरी हे असंच चालतं. कुणाची बायको सांगते, कुणाची सासू सांगते. तोकोनच्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या गाडीपासून बुरूल सांगत आली. "थांबा." "थांबा." "जा!" तिचं "जा" इतकं ठणठणीत असायचं की मागे झोपलेली पोरं जागी व्हायची. तिने उभ्या आयुष्यात स्टीअरिंगला हात लावला नाही, पण निम्मी गाडी तीच चालवायची.

आणि आता तिचे डोळे चालले होते. डॉक्टरीणबाईंनी वसंतात सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंब घालून सांभाळा. बुरूल घरी येऊन म्हणाली, "जरा मळभ आहे, जाईल." तोकोननेही मान डोलावली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. मागच्या खेपेला ती "जा" म्हणाली आणि तो निघाला, तर समोरून पांढरा टेम्पो. कसाबसा तो परत ओळीत शिरला. "कुठून उपटला मेला!" म्हणून बुरूल हसली होती.

म्हणून आज पांढरी न्यायची, असं त्याने घरीच ठरवलं होतं. बुरूलला काय सांगायचं, तेवढं मात्र ठरत नव्हतं.

"अहो म्हातारबा!" ती बाकावरून ओरडली. "गाडी घेताय की घोडी? दात काय मोजत बसलात? आपली चंदेरी आहे ना?"

मेदेरने तोकोनकडे पाहिलं.

"आहे," तोकोन म्हणाला. "चंदेरीच दे रे."

बॉयलरच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला हा माणूस. वरिष्ठांशी भांडला, वाफेने हात भाजून घेतला. पण बायकोला एवढं एक वाक्य सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

बुरूल उठली. बॉनेटवरून तळवा फिरवत फिरवत डाव्या दाराशी गेली आणि राणीसारखी आत बसली. मांडीवर बोओरसोकची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, पिशवी. तळ्याकाठी तिची धाकटी बहीण कालिपा राहायची. महिन्यातून दोनदा शनिवारी तिकडे जायचं, रविवारी परतायचं, एवढीच दोघांची चैन.

बोओमच्या घाटात कोळशाचा ट्रक आडवा आला. म्हणजे पुढे होता, आणि मुंगीच्या चालीने चालला होता. बुरूल सरसावून बसली. मान डावीकडे काढली, डोळे बारीक केले.

"थांबा," ती म्हणाली.

समोर काहीच नव्हतं. वळणाबाहेर गाडी जराशी सरली तेव्हा तोकोनला अख्खा रस्ता रिकामा दिसला. तरी तो ट्रकमागेच राहिला.

"थांबा... थांबा... जा!"

तोकोनचा पाय पुढे गेलाच नाही.

"अहो जा ना! मोकळं आहे!"

"इंजिन ओढत नाहीये," तो म्हणाला. "चढ आहे."

तेवढ्यात समोरून मिनीबस सणसणत आली आणि बुरूलच्या खिडकीला चाटून गेली. त्यांची गाडी थरथरली. काचेवर वारा थडकला. ते कळायला डोळे कशाला लागतात?

बुरूलने मान आत घेतली. पिशवीचं तोंड सोडलं, पुन्हा बांधलं. नदी खाली आवाज करत होती. तोकोनला वाटलं, आता काहीतरी बोलावं, निदान माशांबद्दल तरी बोलावं. तळ्याच्या तोंडाशी बालिक्ची गावात तारेवर धुरी दिलेले मासे टांगलेले असतात, तिथे थांबू या म्हणावं. तेवढ्यात मासेही मागे पडले. तळ्यापर्यंत ते कोळशाचा धूर खात गेले, आणि त्या अख्ख्या वाटेत ती एकदाही "जा" म्हणाली नाही.

"एवढा उशीर?" कालिपा दारातच कडाडली. "चहा तीनदा गरम केला मी! गाडी ढकलत आणलीत की काय?"

"तुझ्या मेहुण्यांना विचार," बुरूल म्हणाली. "म्हातारपणी ट्रकचा धूर आवडायला लागलाय त्यांना."

सगळे हसले. तोकोनही हसला. कालिपाने पुढे केलेली चहाची वाटी बुरूलने दोन्ही हातांनी चाचपत घेतली, आणि कालिपाचं हसणं मधेच थांबलं. तिने तोकोनकडे पाहिलं. तोकोन भाकरी मोडण्यात गर्क असल्यासारखा खाली बघत राहिला.

पंधरा दिवसांनी पुन्हा शनिवार आला. आवारात त्याच दोन गाड्या. तोकोन आज काहीच ठरवून आला नव्हता. मेदेर काही विचारायच्या आत बुरूलच बाकावरून उठली आणि किल्ल्यांच्या आवाजाच्या रोखाने त्याच्यापाशी आली.

"मेदेर, बाळा, डाव्या स्टीअरिंगची आहे का एखादी?"

"आहे की, एजे. पांढरी. पण तुमची चंदेरीसुद्धा..."

"नको ती. ह्यांना आता लांबचं दिसत नाही रे." तिने तोकोनच्या दिशेने हनुवटी उडवली. "सारखं मी ओरडायचं, थांबा नि जा, थांबा नि जा. माझा घसा बसतो. वय झालं त्यांचं. बोलायचे नाहीत, अभिमानी आहेत. तूच समजून घे."

मेदेर काय समजायचं ते समजला. "खरंय, एजे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "वयाला कोण काय करणार."

तोकोन तिथेच उभा होता. आपले डोळे धडधाकट आहेत हे त्याला सांगता येईना आणि तिचे गेलेत हेही सांगता येईना. बायकोने त्याची अडचण स्वतःच्या हाताने सोडवली होती, आणि त्याला ढसाढसा रडावंसं वाटत होतं.

मेदेरने किल्ली दिली. बुरूल बॉनेटवरून तळवा फिरवत निघाली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने डाव्या दाराशी गेली. दार उघडलं. बसायला वाकली तर हात स्टीअरिंगवर पडला.

ती तशीच वाकून राहिली. मग तिने स्टीअरिंगवर हात फिरवला, अर्धा गोल गेला, अर्धा परत आला. ओढणीच्या टोकाने ते पुसलं, जणू पुसायलाच वाकली होती.

"धूळ किती ही," ती म्हणाली. "मेदेर, गाड्या नीट धुवत जा रे."

आणि तळवा पुन्हा बॉनेटवर टेकवून, गाडीला पुढून वळसा घालून ती उजव्या दाराशी गेली. तोकोन हात धरायला पुढे झाला होता. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

घाटात पुन्हा ट्रक लागला. या वेळी कांद्याच्या गोण्यांचा. तोकोनला समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता, लांबपर्यंत, पार पुढच्या वळणापर्यंत. एक गाडी नव्हती. बुरूल उजव्या खिडकीशी, डोंगराकडे तोंड करून बसली होती. हात मांडीवर, रिकामे.

"जाऊ का?" त्याने विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"मला काय विचारता? रस्ता तुमच्या बाजूला आहे."

पुढच्या ट्रकवाल्याने त्यांची अडचण ओळखली असावी. त्याने उजवा दिवा मिचकावला, जा, मोकळं आहे. मग थोडं थांबून पुन्हा मिचकावला. मागच्या गाड्या भोंगे वाजवत एकेक करून पुढे निघून गेल्या. तोकोनने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं होतं, कान बुरूलकडे लावून.

"काय झालं?" बुरूलने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "चढ आहे."

आणि तो कांद्याच्या ट्रकच्या मागेमागे, तळ्यापर्यंत, तसाच जात राहिला.